ट्यून टाकण्याआधी: डिझेल पिकअपच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची तुलना आणि ट्यूनिंग, पायरीपायरीने

डेन्व्हर भागातल्या आपल्या लोकांत ट्रेलर ओढणारे आता बरेच झालेत. कुणाकडे कॅम्पर आहे, कुणाकडे बोट. मंडळाच्या गणपतीचं मखर आणि स्टेजचं सामानही दरवर्षी एकाच्या पिकअपमागेच जातं. त्यामुळे फोन येतात, आणि बोलणं ठरलेलं असतं: "मित्राची गाडी लोण्यासारखी गिअर बदलते, माझी दुसरा टाकताना मागून लाथ घातल्यासारखी करते. ट्यून टाकू का?" (ट्यून म्हणजे इंजिनाच्या आणि गिअरबॉक्सच्या संगणकात टाकायची बदललेली फाइल.)

चार प्रश्न विचारले की कळतं, मित्राची गाडी रिकामी होती आणि याच्यामागे नऊ हजार पौंड होते. त्याचा गिअरबॉक्स वेगळा, टायर वेगळे, तेल कधी बदललं याचा पत्ता नाही. अशा तुलनेवरून हजार डॉलरची फाइल विकत घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. बोलणं अमेरिकेतल्या थ्री-क्वार्टर-टन आणि वन-टन (रॅममध्ये २५०० आणि ३५००) डिझेल पिकअपबद्दल आहे. क्रम मात्र मोडू नका. निम्म्या चुका क्रम मोडल्यामुळेच होतात.

१. गिअरबॉक्स नेमका कोणता, ते आधी ठरवा

"कमिन्स आहे" किंवा "ड्युरामॅक्स आहे" हे उत्तर अर्धवट आहे, ती इंजिनांची नावं झाली. इंजिन एकच असलं तरी गिअरबॉक्स वेगळा असू शकतो.

शेव्हरोले आणि जीएमसीच्या ड्युरामॅक्स गाड्यांत २००१ पासून अ‍ॅलिसन १००० होता. २००५ पर्यंत तो पाच गिअरचा होता, २००६ पासून २०१९ पर्यंत सहाचा. २०२० पासून दहा गिअरचा १०एल१००० आला. फोर्डमध्ये २०११ ते २०१९ सहा गिअरचा ६आर१४० आणि २०२० पासून १०आर१४०. रॅममध्ये घोळ जास्त आहे. २००७ च्या मध्यापासून ६.७ लिटर कमिन्सला ६८आरएफई जोडला गेला, आणि २०१३ पासून ३५०० मध्ये त्याच्या जोडीला आयसिनचा एएस६९आरसीही मिळू लागला. २५०० मध्ये आयसिन कधीच आला नाही. २०२५ च्या मॉडेलपासून दोन्ही जाऊन झेडएफचा आठ गिअरचा आला.

तपासा: ३५०० असेल तर अंदाज नको. व्हिन नंबरवरून (गाडीचा ओळख क्रमांक) बिल्डशीट, म्हणजे कारखान्यात काय बसवलं त्याची यादी, काढा. विकणारा "आयसिन आहे" म्हणतो आणि खाली ६८आरएफई निघतो, हा प्रकार मी दोनदा पाहिलाय.

२. गाडी सुरू करण्याआधी कागदावर गणित करा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. पण "माझी गाडी झटका का देते" याचं अर्धं उत्तर इथेच असतं. सहा गिअरच्या चार बॉक्सची गुणोत्तरं पहिल्या गिअरपासून सहाव्यापर्यंत अशी आहेत:

- अ‍ॅलिसन १०००: ३.१०, १.८१, १.४१, १.००, ०.७१, ०.६१
- ६८आरएफई: ३.२३, १.८४, १.४१, १.००, ०.८२, ०.६३
- आयसिन एएस६९आरसी: ३.७५, २.००, १.३४, १.००, ०.७७, ०.६३
- फोर्ड ६आर१४०: ३.९७, २.३२, १.५२, १.१५, ०.८६, ०.६७

आता नवा गिअर भागिले जुना गिअर, गुणिले आरपीएम. समजा चारही गाड्यांनी २६०० आरपीएमवर पहिल्याचा दुसरा केला. अ‍ॅलिसन आणि फोर्ड साधारण १५२० वर उतरतात, ६८आरएफई १४८० च्या आसपास, आणि आयसिन १३९० च्याही खाली. म्हणजे आयसिनच्या इंजिनाला एका दमात बाराशेहून जास्त आरपीएम सोडावे लागतात. तिथे तो शिफ्ट जड वाटणारच. तो बिघाड नाही, तो दातांचा हिशेब आहे. कुठलीही फाइल टाकली तरी दात तेवढेच राहणार.

वरच्या गिअरमध्येही असंच. चढावर गाडी दोन गिअरमध्ये वर-खाली, वर-खाली करत राहते. अ‍ॅलिसनमध्ये ते बहुधा चौथ्या-पाचव्यात होतं, कारण १.०० वरून ०.७१ म्हणजे २९ टक्क्यांची उडी आहे. पाचव्या-सहाव्यात मात्र फक्त १४ टक्के. ६८आरएफईचं बरोबर उलटं: चौथ्या-पाचव्यात १८ टक्के, पाचव्या-सहाव्यात २३. म्हणून अ‍ॅलिसनवाल्याने सांगितलेला उपाय ६८आरएफईवाल्याने डोळे मिटून उचलू नये. दोघांची खोड वेगवेगळ्या जागी आहे.

दहा गिअरच्या गाड्यांबद्दल एवढंच, की हलक्या पायाने चालवताना त्या मधले गिअर गाळतात. ते मुद्दाम केलेलं आहे. "माझी तिसरा टाकतच नाही" म्हणून दुकानात जाऊ नका.

शेवटी एक्सल आणि टायर. आरपीएम काढायचं सूत्र सोपं आहे: मैल प्रतितास × एक्सलचं गुणोत्तर × गिअरचं गुणोत्तर × ३३६, भागिले टायरचा व्यास इंचांत. ३.७३ एक्सल, ३३.२ इंचाचा टायर आणि ६५ चा वेग असेल तर ६८आरएफईच्या सहाव्यात सुमारे १५३५ आरपीएम येतात, पाचव्यात २०००. हे दोन आकडे कागदावर लिहून डॅशला चिकटवा, पुढे लागतील.

सावधान: मोठे टायर टाकून स्पीडोमीटर दुरुस्त केला नसेल तर गाडीला स्वतःचा वेग चुकीचा कळतो. अशा गाडीची तुलना कुणाशीच करू नका. आधी टायरचा आकार गाडीच्या मॉड्यूलमध्ये (संगणकात) भरा.

३. तेल, फिल्टर आणि जुन्या चुका

गिअरबॉक्स आजारी असेल तर तुलना खोटी आणि ट्यून धोक्याचं. आधी तेल बघा.

तेल ज्याचं त्यालाच. सहा गिअरच्या अ‍ॅलिसनला डेक्सरॉन-६ किंवा अ‍ॅलिसनच्या टीईएस-२९५ मान्यतेचं, ६८आरएफईला एटीएफ+४, आयसिनला एएसआरसी, ६आर१४० ला मर्कॉन एलव्ही, १०आर१४० ला मर्कॉन यूएलव्ही, १०एल१००० ला डेक्सरॉन यूएलव्ही. "सगळ्या गाड्यांना चालतं" असं डब्यावर लिहिलेलं तेल मी तरी या बॉक्समध्ये घालणार नाही. गिअर धरून ठेवणाऱ्या आतल्या क्लचचं घर्षण तेलातल्या रसायनांवर ठरतं, आणि तुम्ही ज्याला "ट्यूनचा दोष" म्हणता तो कधीकधी नुसता चुकीच्या तेलाचा थरकाप असतो.

पातळी गरम तेलावर, गाडी सपाट जागी, इंजिन चालू ठेवून बघायची. आधी ब्रेक दाबून सगळ्या गिअरमधून एकेकदा फिरवा. गिअर लिव्हर कुठे ठेवून मोजायचं आणि तापमान किती हवं ते तुमच्या मॅन्युअलमध्ये असतं, तिथलंच धरा.

फिल्टरमध्ये दोन सापळे आहेत. अ‍ॅलिसनचा फिल्टर बाहेरून फिरवून बसतो आणि त्याच्यावर एक गोल चुंबक असतं. ते जुन्या फिल्टरबरोबर कचऱ्यात जातं. काढा, पुसा, नव्यावर लावा. चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप असणं नेहमीचं आहे. बोटाला टोचणारे कण लागले तर पुढचं सगळं थांबवा.

६८आरएफईच्या पॅनमध्ये दोन फिल्टर असतात, एक चपटा आणि एक फिरवून बसणारा. बरेच जण चपटाच बदलून पॅन लावून टाकतात. त्याहून वाईट म्हणजे चपट्या फिल्टरचं रबरी सील वर भोकातच चिकटून राहतं आणि नवं सील त्याच्यावर दाबलं जातं. हे मी स्वतः केलंय. थंडीतल्या पहिल्या सकाळी ड्राइव्हमध्ये टाकलं, आणि गाडी दोन सेकंद जागची हललीच नाही. मग एकदम हिसका. पंप तेलाबरोबर हवा ओढत होता. मी मात्र आठवडाभर शिफ्ट पॉइंटच्या (गिअर कधी बदलायचा ते ठरवणाऱ्या) फाइली चाळत बसलो होतो! पॅन परत उघडला तेव्हा वर दोन सील एकावर एक, बांगड्यांसारखी. पंचवीस मिनिटांचं काम आणि आठवड्याचा मनस्ताप.

तपासा: बॅटरीची टोकं आणि अर्थिंग स्वच्छ आहेत का, साठलेले बिघाडाचे कोड आहेत का, तेलाला जळका वास येतो का. वास असेल तर ट्यूनचा विचार सोडा, क्लच तपासा.

४. गाडी काय शिकलीय ते पुसू नका, आधी लिहून घ्या

हे सगळे बॉक्स शिकतात. क्लच झिजतो तसा तो भरायला जास्त तेल लागतं, आणि कंट्रोलर (गिअरबॉक्सचा संगणक) प्रत्येक शिफ्टवरून आपला अंदाज सुधारत जातो. ६८आरएफईमध्ये त्याला सीव्हीआय म्हणतात, म्हणजे कुठल्या क्लचला भरायला किती तेल लागतं याचा आकडा.

लोक काय करतात? दुकानातून आणलेल्या स्कॅनरने शिकलेलं सगळं शून्यावर आणतात आणि लगेच मित्राच्या गाडीबरोबर शर्यत लावतात. रिसेट केलेला बॉक्स पहिले काही मैल वेडावाकडाच वागतो. ती तुलना फुकट.

दुसरं, हे आकडे म्हणजे तुमच्या गिअरबॉक्सची जन्मपत्रिका आहे. एका क्लचचा आकडा बाकीच्यांपेक्षा खूप वर गेला असेल तर कुठे झीज झालीय ते तिथेच दिसतं. पुसल्यावर काय बघणार?

म्हणून आधी आकड्यांचे फोटो काढा. तेल किंवा वाल्व्ह बॉडी (क्लचकडे तेलाचा दाब सोडणारा भाग) बदलली असेल तरच रिसेट करा, आणि मग शिकवणीची ठरलेली पद्धत पुरी करा. फोर्डसाठी फोरस्कॅन या सॉफ्टवेअरने हे घरच्या घरी होतं. २०१८ पासूनच्या रॅममध्ये सुरक्षा गेटवे असतो. साधा स्कॅनर आकडे वाचतो, पण हुकूम देऊ शकत नाही. स्कॅनर बिघडलाय असं समजून दुसरा विकत घेऊ नका.

रिसेटनंतर किमान शंभरेक मैल संमिश्र रस्त्यावर, हलक्या आणि मध्यम पायाने चालवा. त्यानंतरच पाचवी पायरी.

५. नोंद घ्या: तोच रस्ता, तेच वजन, तोच पाय

"मला वाटतं" हे मोजमाप नाही. ओबीडीला (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला) आकडे नोंदवणारा लॉगर लावा आणि एवढे आकडे तरी नोंदवा: पेडलची टक्केवारी, इंजिन आरपीएम, टर्बाइन (गिअरबॉक्समध्ये शिरणारा शाफ्ट) आरपीएम, आउटपुट शाफ्ट (बाहेर पडणारा) आरपीएम, मागितलेला गिअर, कन्व्हर्टरची (इंजिन आणि गिअरबॉक्सला तेलातून जोडणारा भाग) घसरण आणि तेलाचं तापमान. यापेक्षा जास्त चॅनेल टाकले की नोंदीचा वेग मंदावतो आणि अर्ध्या सेकंदाचा शिफ्ट दोन ठिपक्यांत संपतो. हव्यासाने पन्नास चॅनेल निवडणारे इथेच फसतात.

क्रम असा ठेवा:

1. तेल १६० फॅरेनहाइटच्या वर येईपर्यंत वीसेक मिनिटं चालवा. थंड बॉक्सचा शिफ्ट वेगळाच असतो.
2. रिकामी गाडी, टो-हॉल (ट्रेलर ओढायचा मोड) बंद, एक्झॉस्ट ब्रेक (उतारावर इंजिनाकडूनच वेग रोखणारा) बंद. पेडल २५ टक्क्यांवर स्थिर ठेवून सपाट रस्त्यावर शून्यापासून ५५. तीनदा.
3. हेच पेडल ५० टक्क्यांवर ठेवून. तीनदा.
4. टो-हॉल चालू करून पुन्हा तीनदा. दोन्हींची शिफ्टची वेळापत्रकं वेगळी असतात, नोंदी एकत्र करू नका.
5. ट्रेलर जोडून एक चढ आणि एक उतार.

दोन गाड्यांची तुलना करायची तर वजन आणि दिवस एकच हवा, आणि कोलोरॅडोत उंचीही. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे, आय-७० वरच्या आयझेनहॉवर बोगद्याचं पश्चिम तोंड ११,१५८ फुटांवर. एकाने खाली मोजलं आणि दुसऱ्याने डिलनकडून बोगद्याच्या चढावर, तर ती तुलना गिअरबॉक्सची उरत नाही, हवेची होते.

सावधान: लॅपटॉप मांडीवर घेऊन गाडी चालवू नका. शेजारी माणूस बसवा किंवा नोंद सुरू करून स्क्रीन झाका. तेल २२० च्या वर जाऊ लागलं तर पाय हलका करा आणि खालचा गिअर घ्या. २५० जवळ आलं तर बाजूला थांबून न्यूट्रल किंवा पार्कमध्ये इंजिन चालू ठेवा, म्हणजे कूलरमधून तेल फिरत राहील.

६. नोंद वाचायची कशी

मी तीनच गोष्टी आधी बघतो.

पहिली, गिअर खरंच धरलाय का. टर्बाइन आरपीएम भागिले आउटपुट आरपीएम म्हणजे त्या गिअरचं गुणोत्तर. मघाच्या उदाहरणात ६५ मैलांना आउटपुट शाफ्ट सुमारे २४५४ वर फिरतो. ६८आरएफई सहाव्यात असेल तर टर्बाइन १५३५ च्या आसपास हवा. पेडल दाबल्यावर तो १६०० दाखवू लागला आणि आउटपुट तिथेच राहिला, तर क्लच घसरतोय. अशा गाडीला ट्यून म्हणजे जखमेवर मीठ.

दुसरी, कन्व्हर्टरचं लॉकअप, म्हणजे घसरण बंद करून थेट जोडणी. इंजिन वजा टर्बाइन हा फरक लॉक असताना शून्याजवळ हवा. काही गाड्या हलक्या पायाला मुद्दाम थोडी घसरण ठेवतात, म्हणजे आवाज-थरथर कमी होते. ती स्थिर असते. चढावर पाय दाबताच फरक वाढत जात असेल तर गोष्ट वेगळी आहे.

तिसरी, शिफ्टचा आकार. गिअर बदलताना आरपीएम आधी वर उसळून मग उतरले, तर जुना क्लच सुटला पण नवा वेळेवर धरला नाही. सरळ खाली पडून गाडीला हिसका बसला, तर दाब जास्त किंवा इंजिनाने टॉर्क (फिरवण्याचा जोर) वेळेवर सोडला नाही. बाहेरून दोन्हींना माणूस "झटका" म्हणतो. उपाय मात्र एकमेकांच्या उलट. पहिल्यात दाब कमी करायला गेलात तर महिन्याभरात क्लच जळेल.

तपासा: तिन्ही धावांत एकच दोष, एकाच शिफ्टवर, एकाच पेडलला येतो का? एकदाच आला तर ट्यूनरकडे जाऊ नका, पुन्हा नोंद घ्या.

७. ट्यूनिंग: दाब आधी, शिफ्ट पॉइंट शेवटी

इथपर्यंत आलेल्यांपैकी निम्म्यांना ट्यूनची गरज उरत नाही. ज्यांना उरते त्यांनी आधी कंपनीची नवी कॅलिब्रेशन (कंपनीचीच सुधारलेली फाइल) आलीय का ते डीलरकडे विचारावं. बऱ्याचदा आलेली असते, आणि तिने वॉरंटीला धक्का लागत नाही.

बाहेरची फाइल टाकायची असेल तर एक गोष्ट स्पष्ट सांगतो. डीपीएफ, ईजीआर किंवा एससीआर या प्रदूषण रोखणाऱ्या यंत्रणा बंद करणारी फाइल क्लीन एअर अ‍ॅक्टखाली बेकायदा आहे. ईपीएने (अमेरिकेची पर्यावरण संस्था) २०२० मध्ये मांडलेला अंदाज असा, की आधीच्या दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची प्रदूषण-यंत्रणा अशी काढून टाकली गेली. "सगळेच करतात" हे उत्तर विकताना आणि इन्स्पेक्शनला कामाला येत नाही. कॅलिफोर्नियात असाल तर फाइलला किंवा उपकरणाला कार्बचा (तिथल्या हवा मंडळाचा) ईओ, म्हणजे मान्यतेचा, नंबर आहे का ते बघा. मूळ फाइल परत टाकली तरी मॉड्यूलमधल्या नोंदींवरून डीलरला कळू शकतं, हेही धरून चाला.

आता क्रम.

मूळ फाइल वाचून जपा. दोन ठिकाणी. फाइल लिहिताना बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारा चार्जर लावा. अर्ध्यावर व्होल्टेज पडलं की मॉड्यूल विटेसारखा निकामी.

टॉर्कचा खरा आकडा. सगळ्यात महाग चूक इथे होते. गिअरबॉक्सचा कंट्रोलर दाब ठरवतो तो इंजिनच्या कंट्रोलरने कळवलेल्या टॉर्कवरून. इंजिनच्या फाइलने इंधन वाढवलं आणि कळवलेला आकडा जुनाच राहिला, की गिअरबॉक्सला वाटतं भार कमी आहे. तो दाब कमी ठेवतो आणि क्लच घसरतात. "इंजिनला ट्यून टाकलं, दोन महिन्यांत ट्रान्समिशन गेलं" या कहाणीमागे बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्हींच्या फाइली एकाच माणसाकडून घ्या, आणि त्याला थेट विचारा: टॉर्क रिपोर्टिंग काय केलंय? उत्तर देताना तो अडखळला तर पैसे खिशात ठेवा.

लाइन प्रेशर, म्हणजे क्लच दाबून धरणारा तेलाचा दाब. थोडं थोडं वाढवा. कमाल दाब लावून ठेवला की प्रत्येक शिफ्ट हातोड्यासारखा बसतो, पंप आणि सीलवर ताण येतो.

लॉकअप. ट्रेलर ओढताना लवकर लॉक झालं तर तेल थंड राहतं. पण फार लवकर केलं तर इंजिन कमी आरपीएमवर घुसमटतं, कण्हतं. आणि उतारावर पाय काढला की लॉकअप टिकलं पाहिजे. ते सुटलं तर एक्झॉस्ट ब्रेकचा जोर चाकांपर्यंत नीट पोचत नाही. लॉकअपची फाइल टाकून उताराची चाचणी न घेणारे खूप आहेत; त्यांना कळतं ते बोगद्यातून खाली सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना, नऊ हजार पौंड मागून ढकलत असताना.

शिफ्ट पॉइंट. हे शेवटी. दुसऱ्या पायरीतला कागद इथे काढा. अ‍ॅलिसनमध्ये चौथ्या-पाचव्याची वर जाण्याची आणि खाली येण्याची वेळ एकमेकांपासून लांब करा, ६८आरएफईमध्ये पाचव्या-सहाव्याची. मधलं अंतर वाढलं की वर-खालीचा खेळ थांबतो. आयसिनच्या पहिल्या-दुसऱ्याला मी हलक्या पायावर थोडं लवकर नेतो, म्हणजे पडायचे आरपीएम कमी होतात. बाकी हात लावत नाही.

सावधान: एका वेळी एकच बदल. दाब, लॉकअप आणि शिफ्ट एकदम बदलून "आता बरं वाटतं" म्हणालात, तर कशाने बरं झालं ते तुम्हालाही ठाऊक नसतं.

८. पुन्हा शिकवा, पुन्हा मोजा

दाब बदलला की आधी शिकलेले आकडे जुने झाले. चौथ्या पायरीची शिकवण पुन्हा, मग पाचव्या पायरीच्या त्याच धावा, त्याच रस्त्यावर. नवी नोंद जुन्या नोंदीशेजारी ठेवून बघा. शिफ्ट लोण्यासारखा झाला, पण चढावर तेल आधीपेक्षा वीस अंशांनी गरम राहत असेल, तर फाइल परत पाठवा. मऊपणापेक्षा मी तापमानाला जास्त मान देतो.

ट्रेलर जोडून पाचशेक मैल झाल्यावर डिपस्टिक काढून पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका आणि हुंगा. रंग काळवंडला किंवा जळका वास आला तर मूळ फाइल त्याच दिवशी परत टाका आणि पॅन उघडा. पॅन उघडलाच आहे, तर वर जुनं सील राहिलं नाही ना, तेही बोट फिरवून बघा.